दस्त्यावरच्या चौदा खाचा

बापाच्या रायफलीच्या दस्त्याला पटाशी लावण्याआधी ऑर्विन हाल्वर्सनने थोरल्या भावाला मनातल्या मनात पाच-सात शिव्या हासडल्या आणि मग तोंड उघडलं.

"लाकूड कोरायला सांगतोयस की बापाचं पोट फाडायला?"

"बाप मेलाय. त्याला दुखत नाही," क्लीट म्हणाला. "अरे, बर्फात हातमोजे काढून वरून एकेक गोळी सारायची म्हणजे बोटं गोठतात. आता सगळं खोरं गोळ्यांची डबीच वापरतंय. घरून भरून न्यायची, खालून चढवायची, कट्, झालं काम."

"सगळं खोरं उद्या चड्डी डोक्यावर घालेल."

"जमत नसेल तर तसं सांग. जॅक्सन गावात दुसरा कारागीर आहे."

हे क्लीटला बरोबर जमायचं. वायोमिंगच्या त्या डोंगरपट्ट्यात ऑर्विनइतका हलका हात कुणाचा नव्हता, आणि बापाच्या रायफलीला परक्याची कानस लागावी हे त्याला सहन झालं नसतं. रायफल थोरल्याकडे गेली हे गेली बारा वर्षं त्याच्या मनात सलत होतंच. तो फुरफुरत कामाला लागला.

काम तसं सरळ होतं. दस्त्याच्या पोटात चौकोनी भोक पाडायचं, त्यात लोखंडी चौकट बसवायची, चौकटीत गोळ्यांची डबी. चौकटीला एक कळ असते. ती दाबली की डबी सुटून हातात येते. ही कळ लाकडाच्या आत बुडलेली हवी, म्हणजे कशाला घासून दाबली जाणार नाही. त्यासाठी चौकट आणखी सूतभर खोल बसवावी लागत होती आणि कळीभोवतीचं लाकूड कापावं लागत होतं. नेमक्या त्याच जागी बापाच्या खाचा होत्या. मारलेल्या प्रत्येक एल्कमागे एक. घोड्याएवढी ती हरणं, आणि चाळीस वर्षांत चौदा. शेवटची खाच वाकडी होती, कारण तोवर म्हाताऱ्याचा हात थरथरायला लागला होता.

ऑर्विन दुपारभर पटाशी हातात धरून बसला. शेवटी खाचा त्याने तशाच ठेवल्या. कळ सूतभर बाहेर राहिली. त्याने डबी चढवून ओढून पाहिली, दस्ता टेबलावर आपटून पाहिला. डबी पडली नाही. "चालेल," तो म्हणाला. चालेल म्हणणाऱ्यातला तो माणूस नव्हता, आणि हे त्याचं त्याला पक्कं ठाऊक होतं.

ऑक्टोबरात दोघे भाऊ डोंगरात गेले. त्या वर्षी शिकारीचा परवाना एकट्या क्लीटला मिळाला होता. ऑर्विन मांस वाहायला सोबत, बिनहत्यारी. सकाळीच क्लीटने ओढ्यापलीकडे एक दांडगा नर पाडला.

"बघितलंस? एका गोळीत! आणि तू रडत होतास."

"बापानेही एकाच गोळीत पाडले सगळे. डबीशिवाय."

"गप रे, सुताऱ्या!"

क्लीटने नळीतली गोळी काढली, डबीत परत भरली आणि डबी चढवली. कट् आवाज झाला. ऑर्विनने तो स्पष्ट ऐकला. बापाची शिस्तच होती: घोडा चालत असताना गोळ्या खाली पोटात, नळी रिकामी. घोडा अडखळला, चाप ओढला गेला आणि माणूस मेला, असं त्या खोऱ्यात दोनदा झालं होतं. डबी बसवण्याआधी ह्या रायफलीत गोळ्या पोटातून पडायची सोयच नव्हती, म्हणून ती शिस्त कधी कुणाच्या अंगाशी आली नव्हती. रायफल खोगिराच्या चामडी म्यानात गेली आणि दोघे अर्धा तास चढउतार करत शिकारीपाशी पोचले.

क्लीट एल्कचं पोट फाडून कोपरापर्यंत रक्तात बुडाला होता, तेवढ्यात झुडपं मोडल्याचा आवाज आला. ग्रिझली अस्वल, मादी. ती गुरगुरली नाही की उभी राहिली नाही, सरळ आली. क्लीट अर्धा वळला तोच ती त्याच्यावर होती.

ऑर्विनने बिथरलेल्या घोड्याच्या म्यानातून रायफल हिसकली. गोळी नळीत सारायला बोल्ट मागे, पुढे. चाप ओढला. टक्. पुन्हा बोल्ट, पुन्हा टक्. त्याने बोल्ट मागे ओढून रायफल उलटी केली. त्यानेच कोरलेल्या चौकोनी भोकातून त्याला आकाश दिसलं.

मागे क्लीट ओरडत होता. अस्वलाने त्याचा उजवा हात कोपरात चावला. हाड मोडल्याचा आवाज ऑर्विनला वीस पावलांवर ऐकू आला. मग तिने त्याचं तोंड धरलं आणि ओरडणं थांबलं. क्लीटच्या कमरेला मिरचीच्या फवाऱ्याचा डबा होता, पण तो पालथा पडलेला, डबा त्याच्या पोटाखाली.

ऑर्विन नळी दोन्ही हातांनी धरून धावला. पहिला घाव अस्वलाच्या डोक्यात, दुसरा नाकावर. नाकातून रक्त उडालं. तिसऱ्या घावाला दस्ता मोडला, बरोबर कोरलेल्या जागी, आणि लाकडाचा तुकडा उडून बर्फात पडला. अस्वलाने क्लीटला सोडलं. एका फटक्यात ऑर्विनच्या खांद्याचं मांस फाटलं. तो उताणा पडला, ती छातीवर चढली, तिच्या तोंडाची ऊब त्याच्या गळ्याला लागली. मेलो, असं त्याला अगदी साधेपणाने वाटलं.

तेवढ्यात सगळं लाल-पिवळं झालं. तोंडाचा लगदा झालेला क्लीट कुशीवर वळून डाव्या हाताने फवारा मारत होता, अस्वलावर आणि भावावरही. अस्वल शिंकत, ओकत, झुडपं मोडत पळालं.

डबी वनरक्षकाला ओढ्याच्या चढावर सापडली, चारही गोळ्यांसकट. जिथे म्यानाची शिवण कळीला घासत होती, तिथे कळीवर चामड्याचा तपकिरी रंग उतरला होता.

नवव्या दिवशी इस्पितळात ऑर्विन खांदा बांधून क्लीटच्या खाटेशी बसला. क्लीटचा जबडा तारांनी आवळलेला, एक डोळा गेलेला, उजवा हात कोपरापासून काढलेला. डाव्या हाताने त्याने पाटीवर वाकडंतिकडं लिहिलं: माझी चूक. डबी नीट बसवली नसेल. तुझा जीव गेला असता.

ऑर्विनने ते दोनदा वाचलं. नुसतं हं म्हणून उठता आलं असतं. जगात कुणाला कळलं नसतं.

"डबी नीट बसली होती. मी कट् ऐकलं," तो म्हणाला. "कळ मी बाहेर ठेवली होती, क्लीट. मला ठाऊक होतं. ह्याच्यासाठी." त्याने खिशातून मोडका तुकडा काढून भावाच्या हातात दिला. चौदाही खाचा शाबूत होत्या.

क्लीटने अंगठा खाचांवरून फिरवला. शेवटच्या वाकड्या खाचेवर तो थांबला. मग त्याने तो तुकडा मुठीत धरला आणि सगळं बळ लावून ऑर्विनच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, रक्त हनुवटीवर आलं. ऑर्विन हलला नाही. क्लीटने पुन्हा हात उचलला, पुन्हा हाणलं. दुसऱ्या वेळी जोर कमी पडला. नर्स ओरडत आली आणि तिने ऑर्विनला दाराकडे ढकललं.

दारातून त्याने वळून पाहिलं. क्लीटने तुकडा छातीवर ठेवला होता आणि तो पाटीवर काहीतरी लिहीत होता. लिहून झाल्यावर त्याने पाटी दाराकडे धरली.

उद्या ये.