निळ्या डोक्यांचे बोल्ट

गाडी वहिनीची, पोट सगळ्या घराचं आणि अक्कल टर्बोची, असा त्या घरात कारभार होता.

टर्बो म्हणजे तिचा दीर. हे नाव गल्लीतल्या पोरांनी चेष्टेनं ठेवलं आणि याला तो मान वाटला. आजवर त्यानं एकही इंजिन खोलून पुन्हा जोडलं नव्हतं. खोललेली मात्र बरीच होती.

नवरा परगावी कामाला, त्यामुळे घर चालायचं ते वहिनीच्या गाडीवर. उद्यापासून तिला हॉस्पिटलच्या नर्सबायांना ने-आण करायचं बांधलेलं काम मिळालं होतं. सुपरवायझरनं आधीच बजावलं होतं, "पहिल्या दिवशी गाडी चुकली की काम दुसऱ्याला. माझ्या दारात रांग आहे." आणि आज सकाळी ती चहाचा कप घेऊन बाहेर येते तो गाडीचं बॉनेट उघडं, आणि मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारं नळ्यांचं ते जुडगं, जमिनीवर दोन तुकडे होऊन पडलेलं.

"हे काय केलंस?"

"वहिनी, सरप्राइज!" टर्बोनं कापडात गुंडाळलेला नवाकोरा मॅनिफोल्ड बाळंतिणीचं पोर दाखवावं तसा पुढे केला. ॲल्युमिनियमचा, आरशासारखा चकचकीत. "कंपनीचा नाही. त्याच्या बापाचा आहे. बाहेरून मागवलाय. गाडी नुसती उडेल बघा."

"आणि जुना?"

"तो काढताना जरा तुटला. प्लास्टिकच होतं ते."

"मग बसव ना नवा. वाट कसली बघतोस?"

टर्बोनं मान खाजवली. तो मान खाजवायला लागला की घरात काहीतरी महागात पडतं, हे वहिनीला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. "बोल्ट बसत नाहीयेत. जुने आखूड पडतात. हा जाड आहे ना."

"याच्याबरोबर आले नाहीत?"

"छे! अशा पार्टबरोबर कोण बोल्ट देतो?"

सासूबाई दारातून म्हणाल्या, "त्यानं तुझ्यासाठीच आणलाय हो. कौतुक तरी कर."

वहिनीनं कौतुक केलं नाही. कप दारात उभ्या असलेल्या टर्बोच्या मोटारसायकलच्या सीटवर ठेवला, मॅनिफोल्ड कमरेवर घेतला, जुना बोल्ट पर्समध्ये टाकला आणि बाजाराची वाट धरली.

नट-बोल्टच्या दुकानात बसलेली माणसं ही एक वेगळीच जमात आहे. भिंतभर डबे, प्रत्येक डब्यावर तारेनं बांधलेला नमुना, आणि गल्ल्यावर बसलेल्याच्या डोक्यात एकच प्रश्न.

"कुठल्या गाडीचा?"

"गाडीचा नाही. या पार्टचा. आटे या जुन्यासारखेच, लांबी जास्त हवी."

"पण गाडी कुठली?"

तिनं गाडी सांगितली. त्यानं डब्यातून जुन्यासारखाच आखूड बोल्ट काढून दिला. "हाच लागतो."

"हा माझ्याकडे आहेच की! तुमच्यासमोर ठेवलाय तो काय कानातला आहे?"

"मॅडम, घरातल्या कुणा माणसाला पाठवा. तुम्हाला नाही समजायचं."

"घरातल्या माणसानंच तर ही वेळ आणलीय," वहिनी म्हणाली आणि पायरी उतरली.

दुसऱ्या दुकानात लांबी मिळाली, आटेही जुळले. पण मॅनिफोल्डला बोल्टसाठी खोलगट खळगे होते आणि बोल्टचं डोकं त्या खळग्यांत जाईना. दुकानदारानं हातोडी उचलली. तिनं त्याचा हात धरला. मग तो म्हणाला, डोकं घासून देतो. तिनं बोल्ट उलटा करून दाखवला. डोक्यात चावी घालायचं षटकोनी भोक होतं. ते घासलं असतं तर भोकाभोवती कागदाएवढी भिंत उरली असती आणि पहिल्याच आवळणीला चावी गरगर फिरली असती. "मग वॉशर टाका," तो म्हणाला. वॉशर कशाला, कुठे, हे त्यालाही माहीत नव्हतं. पण या धंद्यात माणसाला काही सुचेनासं झालं की तो वॉशर सुचवतो.

उन्हं कलली तेव्हा ती बाजाराच्या टोकाला असलेल्या शेवटच्या दुकानात पोचली. कमरेला मॅनिफोल्डची कड रुतून वळ उठला होता. दुकानदार तपकीर ओढत होता. त्यानं गाडी विचारली नाही, एवढ्यावरच तिनं त्याला निम्मं माफ केलं. मॅनिफोल्ड उलटासुलटा करून तो म्हणाला, "याचे बोल्ट सुटे मिळत नाहीत, बाई. बारीक डोक्याचे असतात. याच्याबरोबरच पुडीत येतात."

"पुडी नव्हती म्हणे."

"असायलाच पाहिजे. सहा बोल्ट. निळी डोकी, मोरपिसासारखी. पोरं बघतच राहतात."

निळी डोकी वहिनीच्या ओळखीची होती. सकाळी चहाचा कप तिनं जिथं ठेवला होता तिथून हातभर पुढे, मोटारसायकलच्या हँडलवर, चार निळी डोकी चमकत होती. आठवडाभर चमकत होती. तिनं रोज पाहिली होती आणि रोज मनात म्हटलं होतं, आणा अजून चार नखरे. मागच्या नंबरप्लेटवर आणखी दोन होती. तिथली भोकं तर या पठ्ठ्यानं मुद्दाम ड्रिलनं मोठी केली होती.

ती घरी आली तेव्हा टर्बो आरशासमोर केस बसवत होता. तिनं अवजारांच्या पेटीतून चावी काढली आणि सरळ मोटारसायकलजवळ बसली. बोल्ट लांब पडत होते म्हणून त्यानं डोक्यांखाली वॉशरची चळतच लावली होती. चौथा निघाला तसं हँडल मान टाकल्यासारखं टाकीवर कोसळलं.

"वहिनी! अहो, ते शोचे आहेत!"

"पुडीत आले होते ना रे?"

"हो, पण एवढे भारी बोल्ट इंजिनात खाली कोण लावतं? तिथं कुणाला दिसणार?"

शिवी द्यायची म्हटलं तरी समोर माणूस लागतो. तिनं नंबरप्लेटचे दोन काढले, सांध्यातून हवा निसटू नये म्हणून नवं पॅकिंग लावून मॅनिफोल्ड जागेवर बसवला आणि सहाही बोल्ट आधी हातानं, मग चावीनं, मधल्यापासून कडेकडेनं थोडे थोडे आवळत गेली. डोकी खळग्यांत अशी बसली की बोट फिरवलं तरी लागेनात. किल्ली फिरवली. कुठे शिट्टी नाही, फुसफुस नाही. इंजिन सरळ सुरात चालू झालं.

"बघा!" टर्बो आईकडे वळून म्हणाला. "म्हटलं नव्हतं? आवाजच बदलला की नाही?"

"गुणाचं आहे माझं," सासूबाई म्हणाल्या. मग सुनेला, "पण त्याला आता बाहेर जायचंय गं. हँडलचं काहीतरी कर."

"जुने बोल्ट कुठायत तुझे?" वहिनीनं विचारलं.

टर्बोनं मान खाजवली. "टाकले. गंजके होते."

तिनं बॉनेट आपटून बंद केलं आणि गाडीची किल्ली कमरेला खोचली.

"बाजार अजून उघडा आहे," ती म्हणाली. "ढकलत ने. आणि 'कुठल्या गाडीचा' विचारलं की मान ताठ ठेवून सांग."

सकाळी नर्सबाया गाडीत बसल्या तेव्हा वहिनी वेळेच्या आधी पोचलेली होती. टर्बोची मोटारसायकल अजून दारातच उभी होती, हँडल सुतळीनं बांधलेलं, आणि प्रत्येक गाठीखाली एक-एक वॉशर.