अर्ध्या मिलिमीटरचं कडं

कारखान्यात तिला सगळे धाकटी म्हणत, कारण तिची थोरली बहीण, ताई, तिथं आधीपासून होती. ताईला मात्र कुणी थोरली म्हणत नसे. मालक सोडले तर ती सगळ्यांचीच ताई. काचेच्या खोलीत बसून ती मिलिंग मशीनचे प्रोग्राम करायची: कटरनं धातूच्या ठोकळ्यात कुठून शिरायचं, किती खोल जायचं, कुठून वर यायचं. काचेच्या अलीकडे, कानस घेऊन, धाकटी. मशीनमधून निघालेल्या नगांच्या धारदार कडा घासून गुळगुळीत करायच्या, एवढंच तिचं काम. तीन वर्षं तेच, आणि तेही दुपारपाळीत.

दुपारपाळी म्हणजे तीनला कामावर हजर आणि घरी परत यायचं ते चिमी झोपल्यावर. चिमी ही तिची अडीच वर्षांची लेक. नवरा लांबच्या गाड्यांवर, त्याचं घरी येणं पाहुण्यासारखं. सकाळ स्वयंपाक-धुण्यात जायची आणि दुपारपासून चिमी आजीकडे असायची. पाचला सुटलेली ताई तिला तिथून आणायची, भरवायची, थोपटायची. ताईला स्वतःचं मूल नव्हतं आणि चिमीचं मावशीवाचून पान हलत नव्हतं. चिमीनं आज स्वतःचा बूट स्वतः घातला, तोही उलट्या पायात. चिमी आज आरशाला पापा देत होती. असल्या बातम्या धाकटीला दुसऱ्या दिवशी ताईकडून कळायच्या. ती हसून ऐकायची आणि मग कानस जरा जास्तच दाबायची.

म्हणून काचेच्या खोलीतली दुसरी खुर्ची रिकामी झाली तेव्हा धाकटीनं जीव मुठीत धरून मालकांना विचारलं. मालक म्हणाले, ताईकडून शीक, तीन जॉब स्वतः प्रोग्राम करून बिनचूक काढ, खुर्ची तुझी. खुर्ची म्हणजे दिवसपाळी. दिवसपाळी म्हणजे संध्याकाळी पाच वाजता, उजेड असताना, जागी असलेली चिमी.

त्या दिवसापासून ती अकरालाच यायला लागली. पाळीआधीचे चार तास ताईच्या शेजारच्या स्टुलावर. ताई शिकवायची छान. लहानपणी सायकल शिकवताना जशी मागून सीट धरून पळायची, तशीच.

गिऱ्हाइकाकडून जॉबचं सॉलिड मॉडेल येई. पडद्यावर फिरवून चारी बाजूंनी बघता येईल असा जॉब, फक्त हाताला न लागणारा. पहिल्याच दिवशी धाकटीनं ती फाईल प्रोग्राममध्ये घ्यायच्या ऐवजी नुसतीच दोनदा टिचकी मारून उघडली. पडद्यावर जॉब नाहीच, अक्षरांची आणि आकड्यांची पानंच्या पानं धावत सुटली. ताई पोट धरून हसली. "कादंबरी वाचतेस का गं?" धाकटी ओशाळली, पण बंद करण्याआधी तिनं पहिल्या चार ओळी वाचल्याच. फाईलचं नाव, ती कोणत्या तारखेला किती वाजता लिहिली गेली, कोणाच्या संगणकावर. बाकी सगळे आकडे डोक्यावरून गेले.

मग ताईनं रीतसर शिकवलं. बाहेरून घेतलेल्या मॉडेलला आठवण नसते, ती म्हणाली. आपण स्वतः काढलेल्या मॉडेलमध्ये आधी काय केलं, मग काय केलं, सगळी यादी असते. बाहेरचं मॉडेल म्हणजे आयता भरून आलेला डबा. कुणी शिजवलं, कधी शिजवलं, काय काढून घेतलं, काही कळत नाही. कधी ते फाटकंही येतं, दोन पृष्ठभागांच्या मध्ये केसाएवढी फट राहते, मग ते शिवावं लागतं. म्हणून पहिला नियम, आलेलं मॉडेल ड्रॉइंगच्या कागदाशी ताडून बघायचं. एकेक भोक, एकेक पायरी. "कुणी का दिलेलं असेना," ताई म्हणाली होती. धाकटीनं ते वहीत लिहून खाली रेघ मारली होती.

पहिला जॉब, साधी पट्टी, पार पडला. दुसऱ्याला कटर एका कोपऱ्यात जरा कुरकुरला, पण मापं बरोबर आली. नग तपासणारे भिंगकाका, ज्यांना डोळ्याला भिंग लावल्याशिवाय कुणी कधी पाहिलेलं नव्हतं, म्हणाले, "धाकटे, आता आमचं काम अवघड करणार तू. चुकाच सापडेनात." ती घरी जाताना गुणगुणत गेली.

तिसरा जॉब पंपाची झाकणं, नग आठ. मंगळवारी संध्याकाळी ताईनं तिच्या फोल्डरमध्ये फाईल टाकली आणि बुधवारी अकराला धाकटीनं ती उघडली. मॉडेल एकदम स्वच्छ, कुठं फट नाही की काही नाही. ड्रॉइंग मागितलं तर ताई म्हणाली, ते भिंगकाकांच्या कपाटात आहे आणि काका उद्यापर्यंत रजेवर. मॉडेलमध्ये सगळं असतं गं, तू सुरू कर, गिऱ्हाईक घाईत आहे. धाकटी क्षणभर घुटमळली. वहीतली रेघ तिला आठवली नाही असं नाही. पण ताईनं दिलेलं काय ताडून बघायचं असतं?

बुधवारी दुपारी आणि गुरुवारी मिळून आठही झाकणं कापली गेली. प्रत्येकाची धार तिनं स्वतः घासली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

शुक्रवारी भिंगकाकांनी एक झाकण उचललं, ड्रॉइंग पसरलं, आणि झाकण उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "धाकटे, कडं कुठंय?"

झाकणाच्या आतल्या बाजूला, सपाट तळावर, एक गोल कडं हवं होतं. अवघं अर्धा मिलिमीटर उंच. त्याच्यावर रबराची चकती बसते आणि पंप गळत नाही. कागदावर ते स्पष्ट होतं. झाकणावर नव्हतं. कमी कापलं गेलं असतं तर पुन्हा मशीनवर चढवता आलं असतं. इथं ठेवायचा धातूच कटरनं सपाट करून टाकला होता. आठही नग भंगारात.

मालकांनी दोघींना बोलावलं. त्यांनी आधीच गिऱ्हाइकाला फोन केला होता. त्यांच्याकडच्या मॉडेलमध्ये कडं होतं. धाकटीच्या फोल्डरमधल्या फाईलमध्ये नव्हतं. मालकांनी ताईकडे पाहिलं.

ताई टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "आली तशीच फाईल मी तिला दिली होती."

मालक ओरडले नाहीत. शिकताना काहीतरी पुसलं गेलं असेल तुझ्याकडून, एवढंच म्हणाले, खुर्चीचं पुढच्या वर्षी बघू. धाकटीनं मान हलवली. खरं सांगायचं तर तिलाही तसंच वाटलं. नवशिकी ती, लागला असेल हात कुठंतरी. त्या रात्री तिनं मनातल्या मनात बुधवारची प्रत्येक टिचकी आठवून पाहिली, आणि चिमीच्या केसांतून हात फिरवत तिची माफीसुद्धा मागितली.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत काचेची खोली रिकामी होती. धाकटी आत गेली आणि पहिल्या दिवशी चुकून केलं होतं ते तिनं मुद्दाम केलं. झाकणाची फाईल प्रोग्राममध्ये न घेता नुसतीच उघडली. अक्षरं धावली. तिनं पहिल्या चार ओळी वाचल्या.

जॉबच्या कागदावर गिऱ्हाइकाची मेल सोमवारची होती. फाईल लिहिली गेली होती मंगळवारी, चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी. धाकटी तेव्हा बाहेर कानस चालवत होती, ती फाईल तिनं बघितलीही नव्हती. आणि लिहिणाऱ्या संगणकाच्या नावाच्या जागी पाच इंग्रजी अक्षरं होती. चिमी.

ताईनं आपल्या संगणकाला भाचीचं नाव दिलं होतं. स्वतः कौतुकानं दाखवलं होतं तिनं, चिमीच्या पहिल्या वाढदिवसाला.

धाकटीनं त्या चार ओळी छापल्या, कागदाची घडी केली आणि झग्याच्या खिशात ठेवली. चहाच्या टपरीमागं ताईला गाठलं. ताईनं कागद वाचला आणि लगेच दुमडला. नाही म्हणाली नाही. मॉडेल फाटकं आलं होतं, ती सांगू लागली, कड्याचेच पृष्ठभाग फाटलेले. ते काढून तिनं तळ सपाट शिवला, कडं नंतर नव्यानं उभं करू म्हणून. तेवढ्यात पाच वाजले. चिमीला ताप होता त्या दिवशी, आजीचे तीन फोन आले होते. फाईल तशीच साठवली, तशीच टाकली, आणि बुधवारी ध्यानातूनच गेलं.

"हे तू काल का नाही सांगितलंस?"

"नवीन माणसाची चूक धकून जाते गं. माझी नसती धकली. पंधरा वर्षं झाली मला इथं."

धाकटीला त्या तापाचं काय करावं कळेना. आपल्याच लेकीच्या कपाळावर घड्या ठेवायला ताई पळाली होती. त्याबद्दल पायाही पडावं, आणि त्याच पायांवर उभी राहून ती काल तसं बोलली. शेवटी धाकटी एवढंच म्हणाली की मालकांना तूच सांग, मी नाही सांगणार. ताईनं तिचा हात दाबला. सोमवारी सांगते, म्हणाली. चिमीची शपथ घेतली.

सोमवारी साडेअकराला ताई मालकांच्या केबिनमध्ये गेली. काचेतून धाकटीला दिसलं, ताई बोलत होती, मालक मान हलवत होते. बाहेर येताना ताईनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि डोळ्यांनीच "झालं" म्हटलं. धाकटीला इतकं हलकं वाटलं, की तिनं भिंगकाकांना स्वतःच्या डब्यातला अर्धा भाग दिला.

दुपारी मालकांनी बोलावलं. "ताईनं तुझ्यासाठी रदबदली केलीय," ते म्हणाले. "म्हणाली, पोर नवी आहे, हातून झालं, पोटात घाला. नशीबवान आहेस. दुसरी असती तर कानसही काढून घेतली असती मी. कानसकाम चालू ठेव, पुढच्या वर्षी बघू."

शुक्रवारी ताई घाबरून बोलली होती, हे ती कसंबसं गिळू शकली असती. पण आज ताई घाबरलेली नव्हती. आज तिनं नीट वेळ काढून, दार लोटून घेऊन, तेच पुन्हा केलं होतं, आणि वर उपकार म्हणून करून दाखवलं होतं.

"साहेब, ती फाईल तुमच्यासमोर उघडू का? प्रोग्राममध्ये नाही. नुसतीच."

मालकांनी आपला संगणक तिच्याकडे वळवला. अक्षरं धावली. तिनं बोट ठेवलं, तारखेवर, वेळेवर, नावावर. मालकांनी चष्मा वर सरकवून वाचलं.

"चिमी? ही कोण?"

"माझी मुलगी," धाकटी म्हणाली. आणि मग, "ताईच्या संगणकाचं नाव आहे ते."

मालकांनी त्या चार ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. धाकटीनं काचेकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती पुन्हा कुणाची तरी धाकटी झाली असती.

पुढं काय बोलणं झालं ते केबिनमध्येच राहिलं. ताईची नोकरी गेली नाही. तिला दुपारपाळी मिळाली, मशीनवर. धाकटीला खुर्ची मिळाली. पहिल्या दिवशी ती खुर्चीत बसली तेव्हा ताई डबे घ्यायला आत आली, आणि वळता वळता, पाठमोरीच म्हणाली, "मला वाटलं, तू चिमी शाळेत जाईपर्यंत तरी थांबशील. मग तशीही ती तुझीच होती."

म्हणजे नुसता पंधरा वर्षांचा प्रश्न नव्हता तर. ताई डबे घेऊन निघून गेली.

त्या संध्याकाळी पाचला, उजेड असताना, धाकटी आजीच्या दारात उभी राहिली. चिमी पावलांचा आवाज ऐकूनच धावत आली, दोन्ही बूट उलट्या पायांत. आईला बघून थबकली, हसली, कमरेला मिठी मारली. मग मिठी न सोडताच तिनं मान वाकडी करून आईच्या मागं पाहिलं. जिन्यावर, वळणापर्यंत, आणखी कुणी येतंय का.