वाटीतलं नाणं

मी एक जुना डीप फ्रीझर आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा कोणावरही विश्वास नाही. का, ते ऐका.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. एका खानावळीत बारा वर्षं राबलो, मग जुन्या सामानाच्या दुकानातून या घरच्या सूनबाईंनी मला आणलं. बाई मोठ्या हिकमती! हंगामात स्ट्रॉबेरी स्वस्त झाली की पेटीच उचलायच्या. धुऊन, देठ काढून फडक्यावर कोरडी करायच्या, ताटात सुटी सुटी मांडून माझ्यात ठेवायच्या आणि कडक झाली की पिशवीत भरायच्या. मग वर्षभर हवी तेवढी मूठभर निघायची. "विकत घ्यायची तर दुप्पट पैसे पडतात," असं त्या शेजारणीला सांगायच्या, तेव्हा माझी छाती फुगायची.

पण यंदा पिशव्यांत गोळे होऊ लागले. फळ वितळून पुन्हा गोठल्याशिवाय असा गोळा होत नाही. तीन पिशव्या फेकून द्याव्या लागल्या.

"म्हातारा झाला हा. भंगारात देऊन टाक," सासरेबुवा म्हणाले.

सूनबाईंचा संशय मात्र लेकीवर, छोटीवर. "शाळेतून आलीस की झाकण उघडं टाकतेस!"

"नाही गं आई, शप्पथ!" पोर रडून लाल झाली.

खरं सांगू? मलाही तीच वाटली होती. तिची बोटं सदा चिकट! पण सूनबाई कामावर गेल्या की मला गुंगी यायची आणि डोळे उघडायचे ते थेट संध्याकाळी. पाणी कुठंतरी मुरत होतं खास.

मग छोटी दोन दिवस मावशीकडे गेली. सूनबाईंनी गुपचूप वाटीभर पाण्याचा बर्फ केला आणि त्यावर एक नाणं ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर बर्फ कडक, पण नाणं तळाशी! म्हणजे मधे बर्फाचं पाणी होऊन तो पुन्हा गोठला होता.

"बाबा, काल घरात तुम्हीच होतात ना?"

सासरेबुवा चष्मा पुसत राहिले. "अगं, तू फळांत पैसे वाचवतेस, म्हटलं आपण विजेत वाचवावेत. तू गेलीस की बटण बंद करायचो, यायच्या आत लावायचो. वाटलं, तेवढा वेळ गार राहतंच की. याच्या झाकणाचं रबर झिजलंय, हे कुठं ठाऊक होतं!"

"आणि छोटी बोलणी खात होती तेव्हा?"

छोटी आली तेव्हा त्यांनी दारातच तिचा हात धरला. "चूक माझी होती, बाळा."

"मग फ्रीझरलाही सांगा," ती म्हणाली. आणि म्हाताऱ्याने खरंच माझ्या झाकणावर हात ठेवला! मला भरून आलं.

मित्रांनो, जुनी वस्तू गप्प असते आणि लहान पोराचं कोणी ऐकत नाही. दोष द्यायच्या आधी एकदा बटण बघत जा. आता रोज सकाळी आजोबाच वाटी काढून ओरडतात, "नाणं वरच आहे हो!" खरं असेल. तरी ती वाटी माझ्यात राहू द्या.