दोन हजार अक्षरांची जागा

कमलाकांत सरांनी आणखी एका वाक्यावर बोट ठेवले आणि लाल पेन रागिणीच्या हातात दिला.

"हे गेलं तर चालेल का? तूच ठरव."

अमरावतीच्या त्या मुलींच्या वसतिगृहात सर दर रविवारी फुकट मराठी शिकवत. मुली त्यांच्यावर जीव टाकत. वसतिगृह त्यांच्या मुलाचे, पुष्करचे. मागच्या आठवड्यात तिथल्या रश्मीने उलट उत्तर दिले म्हणून पुष्करने तिला मे महिन्याच्या भर दुपारी गच्चीवर कोंडले. रश्मी अजून शुद्धीवर आली नव्हती. पाहणारी एकटी रागिणी, तिच्याच गावची, भातकुलीची. ऑनलाइन तक्रारीची मुदत आज संपत होती आणि तिथल्या चौकटीत दोन हजार अक्षरेच मावणार होती.

"सर, तुमच्या पोराच्या खिलाफ लिवा लागते," ती सकाळी घाबरतच म्हणाली होती.

"मुलगा असला म्हणून काय झालं? लिहायलाच हवं. मी शिकवतो."

आणि त्यांनी शिकवले, नेहमीसारखेच, न कंटाळता. तेवढ्या अक्षरांत किती शब्द बसतात ते दाखवायला फळ्यावर 'विद्यार्थ्यांना' असे लिहिले.

"संगणक काना, वेलांटी, अनुस्वार, सगळं वेगळं धरतो. मोडलेला पायसुद्धा. मोज."

"पंधरा."

"पुढची मोकळी जागा धरून सोळा. आता दोन हजाराला सोळाने भाग."

"सव्वाशे शब्द बसतीन."

"शाब्बास! आणि तू लिहिलेस तीनशे."

मग काटछाट सुरू झाली. पुष्करच्या खिशातली किल्ली गेली. तापलेली फरशी गेली.

"हे नोको काढू ना सर. रश्मी पाणी मांगून राहिली होती, अन् पुष्करदादा खालून हासत होते. म्या पायलं."

"तू खोटं बोलतेस असं कोण म्हणतं? पण जागा नाही, बेटा. पाणी ठेवलंस तर तारीख जाईल."

रागिणीने कागदावरची तारीख पाहिली. मग तिने स्वतःच्याच हाताने पाण्यावर रेघ मारली.

शेवटी उरले ते असे, की गच्चीचे दार बंद झाले, उन्हाने मुलीची प्रकृती बिघडली. तिला वसतिगृहाने तातडीने दवाखान्यात नेले, हे एक वाक्य सरांनी सुचवले. ते बरोबर बसले.

टाइप सरांनीच केले. त्यांचा हात बसलेला होता. रागिणी खुर्चीमागे उभी राहून शुद्धलेखन पाहत होती. एकही चूक नव्हती. सरांनी बटण दाबले. पडद्यावर पोच आली आणि तिच्याखाली बारीक ओळ: दोन हजारांपैकी सातशे बावन्न अक्षरे वापरली.

रागिणीने ती पुन्हा वाचली.

"सर, अर्ध्याच्या वर जागा तशीच हाये."

"हो का?" सर वाकून पाहू लागले. "मोजायला शब्द जरा लांबच घेतला मी."

"मंग आता परत पाठवू."

"एका घटनेची एकच तक्रार घेतात. वर लिहिलंय बघ."

तिने पाहिले. लिहिले होते.

"माहे तीनशेच्या तीनशे मावत होते, सर?"

"मावत होते."

बाहेर मुली चटया अंथरू लागल्या होत्या. सरांनी संगणक बंद केला, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"चल, तासाला उशीर होतोय. आज निबंध घेऊ."