निळ्या दांड्याचा संशय

मी एक जुना लोखंडी दांडा आहे, दौंडजवळच्या एका लहान रेल्वे स्टेशनातल्या सिग्नल-केबिनमधला. मित्रांनो, माझा स्वभाव संशयी. कामच तसं आहे. आमची रांग बावीस दांड्यांची. लाल दांडे सिग्नल पाडतात, काळे रूळ फिरवतात, पांढरे बिनकामाचे. मी निळा, म्हणजे कुलूप. फिरवलेला रूळ मी पक्का धरल्याशिवाय सिग्नल पडत नाही.

१९६१ साली सिद्दीकमामा दांडे ओढायच्या कामावर आमच्याकडे बदलून आले. पहिल्याच दिवशी त्यांनी आधीच्या माणसाकडून एकेक दांडा समजून घेतला, तो गेल्यावर खिशातून कानस काढली आणि आमच्या पाठीवर खाचा पाडल्या. लाल दांड्यांना एक, काळ्यांना दोन, निळ्यांना तीन. दांडा ओढण्याआधी ते खाचेवरून बोट फिरवत. कुणी जिना चढू लागलं की हात मागे! माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस नक्कीच घातपात करणार, अशी माझी खात्री झाली.

पंधरवड्यात हौसराव रंगारी डबे घेऊन आला.

"मामा, ह्या खाचा कशापायी?"

"गंजानं खाल्लंय, दुसरं काय?" मामा दुसरीकडे बघत म्हणाले.

"मग बुजवून टाकतो की. कसं झाक दिसंल!"

हौसरावने लांबी भरून आम्हाला गुळगुळीत केलं आणि वर ताजा रंग दिला. आता घातपात कसा करतोस, असं म्हणून मी मनातल्या मनात हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजर सिग्नलबाहेर येऊन शिट्या देऊ लागली. मामांचं बोट माझ्या पाठीवर फिरलं, मग शेजाऱ्याच्या, परत माझ्या. त्यांनी एकही दांडा ओढला नाही. स्टेशनमास्तर धावत वर आले.

"साहेब, मला लाल, काळं, निळं समदं एकच दिसतंय. दुसरा मानूस बोलवा."

"मामा, पेन्शनला तीन वर्षं राहिलीत तुमची! हे बोलून बसलात तर नोकरी जाईल."

"जाऊ द्या. अंदाजानं न्हाई वढायचो मी. गाडीत मानसं हायती."

मास्तरांनी स्वतः दांडे ओढले. गाडी आली, गेली. मामा कठडा धरून जिना उतरले, ते पुन्हा वर आले नाहीत.

मित्रांनो, संशय घ्यायचा तर खुशाल घ्या, पण जवळ बसून विचारा, "मामा, काय होतंय तुम्हाला?" मी लोखंडाचा, मला विचारता आलं नाही. हौसरावला तर तोंड होतं, पण त्याने खाचांचं विचारलं, मामांचं नाही.