सक्तीची रजा

लेकीनं इंटर्नल ऑडिटचा अभ्यासक्रम घेतला तेव्हापासून मी तिला 'साहेब' म्हणायला लागलो. मी पडलो शिंपी. मला वाटायचं, ही आता लोकांच्या चोऱ्या पकडत फिरणार. त्यावर ती वैतागायची.

"बाबा, चोर नाही पकडायचा. कुलूप कुठं नीट लागत नाही, तेवढं सांगायचं."

अभ्यासाचा भाग म्हणून तिला एखाद्या खऱ्या ठिकाणचं कामकाज तपासून अहवाल लिहायचा होता. माझी मोठी बहीण हॉस्पिटलमधलं औषधांचं स्टोअर सांभाळायची. लेकीची आई गेल्यावर तिला ताईनंच वाढवलेलं, त्यामुळे भाचीसाठी तिनं वरिष्ठांकडे शब्द टाकला. अहवालाची प्रत आम्हालाही द्या, या अटीवर ते हो म्हणाले. ताईनं तिच्यासाठी कपाटांच्या मधे स्टूल टाकलं आणि येईल त्याला "हे आमचे साहेब" म्हणून ओळख करून दिली. कौतुक नुसतं उतू जात होतं.

लेकीनं पुस्तकातले प्रश्न विचारले. माल कोण घेतं, कोण देतं, शिल्लक कोण मोजतं? तिन्हींना ताईचं उत्तर एकच, "मी."

"आणि तू रजेवर असतेस तेव्हा, आत्या?"

"मी कशाला रजा घेऊ? घरी बसून भिंतींशी बोलू?"

भाऊजी गेल्यापासून ताईला ते घर खायला उठायचं, हे आम्हाला ठाऊक होतं. पण अहवालात तसं लिहायची सोय नसते. पुस्तक म्हणतं, जो कधीच रजा घेत नाही त्याला रजेवर पाठवा आणि त्याचं काम दुसऱ्याला करू द्या. काही दडलेलं असेल तर वर येतं. लेकीनं तसंच लिहिलं. हा कुणावर संशय नाही, असंही खाली लिहिलं. ते वाक्य कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही.

ताईला सक्तीनं रजेवर पाठवलं. दुसऱ्या बाईनं सगळी कपाटं उपसून गोळीन् गोळी मोजली. सगळं चोख निघालं. लेक ते सांगायला धावतच ताईच्या घरी गेली, तिच्या मागोमाग मी.

"आत्या, एकही चूक नाही सापडली."

"सापडली नाही," ताई म्हणाली. "पण शोधली ना?"

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. लेक रडायला लागली.

"मी चुकले का गं?"

"नाही. बरोबरच लिहिलंस तू." ताईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

मला त्या पुस्तकाचा राग आला, वरिष्ठांचा आला आणि खरं सांगायचं तर लेकीचाही आला. पण बोलणार काय? कुणाचंच चुकलं नव्हतं.

ताई पुन्हा कामावर जायला लागली. आता एकटीनं कपाट उघडत नाही म्हणे, कुणाला तरी हाक मारून शेजारी उभं करते. नवा नियम असेल, असं समजून मी सोडून दिलं.

परवा लेकीचा निकाल लागला. ती पहिली आली. ताई तिला भेटायला आमच्याकडे आली होती. गारठा होता, म्हणून मी मशीनवरूनच म्हटलं, "ताई, आतल्या कपाटातली शाल घे की."

आमच्या घरातलं ते कपाट इतकी वर्षं तिनंच लावलेलं. ती आत गेली आणि कपाटापाशी थांबली.

"बाळ, जरा इथं येऊन उभी राहा," तिनं लेकीला हाक मारली. त्यात टोमणा नव्हता, चेष्टाही नव्हती. "मी कपाट उघडतेय."

लेक उठली आणि जाऊन उभी राहिली.