तीन अक्षरं, त्यात ई आणि टी

उमाबाईनं त्या वीस दिवसांत जेवढं इंग्रजी ऐकलं, तेवढं तिच्या सात पिढ्यांनी ऐकलं नसेल. घर शाळेला लागून, मधे नुसता कूड. इकडं ही भाकरी थापायची, तिकडं पोरं बोंबलायची: बुक म्हणजे पुस्तक, कुक म्हणजे स्वयंपाकी, मून म्हणजे चंद्र. हळूहळू भाकरीवरचा हातसुद्धा त्याच ठेक्यात पडायला लागला. त्यातलं कुक तिला फार आवडलं. म्हणजे आपणच की, असं तिनं तव्यावरच्या भाकरीला ऐकवलं.

आता ही सगळी धांदल कशापायी, तर राज्य निजामाचं, आणि ईट गावच्या शाळेत शिकायला मिळायचं ते फक्त चौथीपर्यंत. इंग्रजी पाहिजे तर भूम गाठा. पोरं जायची तंगडतोड करत. पण उमाबाईची महानंदा पडली पोरीची जात, वय बारा, बाप वारलेला. तिला कोण धाडतंय एवढ्या लांब? घरात कर्ता माणूस म्हणजे थोरले दीर गुंडप्पा, आणि त्यांनी सांगून टाकलं होतं की गावात इंग्रजीचा वर्ग आला तर शिकू दे पोरीला, न्हाय आला तर आखितीच्या मुहूर्ताला कळंबच्या पाहुण्यांना लग्नाचा होकार. पाहुणे काही वाईट नव्हते. पण पोरगी पाटी उशाशी घेऊन झोपायची.

शाळेचे सोमलिंग गुरुजी उमरग्याकडचे. बोलण्यात कानडी हेल, जेवण उमाबाईकडंच. वर्गासाठी त्यांनी अर्जावर अर्ज खरडले, तेव्हा कुठं तालीमखात्याचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, साहेब तपासणीला येणार असा कागद आला. ह्या साहेबांची एक तऱ्हा होती. पुस्तक म्हणून उघडायचे नाहीत. शब्द किती अक्षरांचा आणि त्यात कुठली अक्षरं हवीत एवढंच सांगायचे. असे पाच शब्द अर्थासकट आले की शाळा पास, वर्ग मंजूर. गुरुजी लगोलग भूमला जाऊन बातमी काढून आले. तिथं साहेबांनी विचारलं होतं, चार अक्षरं आणि त्यात दोन ओ. झालं! गुरुजींनी फावल्या वेळात शिकवलेलं बाकीचं सगळं इंग्रजी गुंडाळून ठेवलं आणि पोरांना दोन ओच्या घाण्याला जुंपलं.

तपासणीच्या दिवशी उमाबाई पहाटेच उठली. शेंगाच्या पोळ्या केल्या, झणझणीत आमटी केली, वर लसणाचा ठेचा. साहेब टांग्यातून उतरले तशी तिनं पदर सावरून जेवायला बसायची विनंती केली. साहेबांनी हात जोडले. आधी काम, मग खाना. आणि शाळा नापास झाली तर मी पाणीही न घेता जातो, नाहीतर लोक म्हणतील साहेब पोळीला विकला गेला. माणूस सचोटीचा, त्याला काय बोलणार? पण ईटमधनं पाहुणा उपाशी गेला असं कधी घडलं नव्हतं. उमाबाईच्या जिवाला एकाचे दोन घोर झाले.

वर्गात पोरं तेल चोपडून बसलेली. साहेब खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, तीन अक्षरं, त्यात ई पाहिजे, टी पाहिजे, लफ्ज सांगा आणि मतलब सांगा.

गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. दगडोबानं धीर करून फूट म्हणजे पाऊल असं ठोकून दिलं. साहेबांनी त्यात ई कुठंय विचारल्यावर त्यानं घाईघाईनं मून म्हणजे चंद्र सांगितलं. दाराआड उभ्या उमाबाईला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण महानंदाची खाली गेलेली मान दिसत होती, आणि तेवढ्यानं तिला सगळं कळलं. मेले ते दोन ओ, असं तिच्या मनात आलं.

साहेबांनी अक्षरं पुन्हा एकदा सांगून पाहिली. शेवटी वही मिटत ते कंटाळून म्हणाले, "अरे, मी प्रत्येक गावाला त्याच्याच नावातली अक्षरं देतो. तुमच्या गावाचं नाव तरी येतं का कुणाला? नाव सांगा, मतलब सांगा."

गुरुजींनी कपाळावर हात मारला. इंग्रजीतल्या भूममध्ये दोन ओ! वीस दिवस त्यांनी ईटच्या पोरांना भूमचं नाव घोकायला लावलं होतं. पोरं डोकी खाजवायला लागली. गावाच्या नावाचा काय मतलब असायचा?

उमाबाईला मात्र राहवलं नाही. निदान हे तरी आपल्याला येतंय, असं वाटून ती दारात पुढं झाली.

"ईट, साहेब," ती म्हणाली. "आन् मतलब म्हणाल तर, हितं जेवल्याबिगर कुणी जात न्हाय. खावा दोन घास."

साहेबांनी मिटलेली वही परत उघडली. मग असे हसले की टोपी सरकली. उठून त्यांनी फळ्यावर ई, ए, टी काढलं आणि सांगितलं की तीन अक्षरं आहेत, पाहिजेत ती दोन्ही आहेत, अर्थ खाणे, तोही बरोबर; पहिला लफ्ज बाईंचा.

फळ्यावरची अक्षरं बघितली आणि महानंदा ताडकन उभी राहिली. तीच अक्षरं उलटसुलट केली की टी म्हणजे चहा, दुकानातल्या डब्यावर असतंय, असं तिनं एका दमात सांगितलं. मग काय, बांध फुटला. टेन म्हणजे दहा, नेट म्हणजे जाळं. दगडोबानं पाण्याच्या माठाकडं बोट करून वेट म्हणजे ओलं सांगितलं. पाच झाले. साहेबांनी वहीत वर्ग मंजूर लिहिलं, सही ठोकली आणि चार पोळ्या खाल्ल्या.

टांगा गेल्यावर उमाबाईनं लेकीला जवळ ओढून विचारलं, नेमकं काय बोलले गं म्या? महानंदानं सांगितलं, ईट म्हणजे खा.

"खा? बाई गं, एवढ्या मोठ्या साहेबाला एकेरी बोलले?"

"इंग्रजीत अहोजाहो नसतंय, आई. सगळ्यांना सारखंच."

उमाबाईला हे भलतंच नवल वाटलं. ती दुपारभर त्याचाच विचार करत होती.

दिवस कलता गुंडप्पा शेतातनं आले. वर्गाची बातमी त्यांना वेशीतच लागली होती. हातपाय धुऊन पाटावर बसले, घसा खाकरला आणि कळंबच्या पाहुण्यांनी पुन्हा निरोप धाडलाय, असं काहीतरी सुरू केलं. पंधरा वर्षांत उमाबाईनं ह्या दिरापुढं मान वर केली नव्हती. तिनं ताट पुढं सरकवलं, पोळीवर तुपाची धार धरली.

"ईट," ती म्हणाली.

महानंदा तोंडावर ओढणी दाबून आत पळाली. गुंडप्पांनी एकदा भावजयीकडं पाहिलं, एकदा ताटाकडं, आणि गुमान पोळीचा तुकडा मोडला. कळंबचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.